सोळा ठोके, साठ फेऱ्या

कात्री : मोज म्हणतोय ना. ही फूटपट्टी, ही गाण्याची टेप. पिवळ्या पेन्सिलीने खुणा केल्यात मी. या खुणेपासून त्या खुणेपर्यंत.

थोरला : कात्रीमास्तर, मी गायक आहे. शिंपी नाही.

कात्री : वीस वर्षं या स्टुडिओत टेपा कापतोय म्हणून लोकांनी माझी कात्री केली, मी तक्रार केली कधी? मोज.

थोरला : तीस इंच.

कात्री : चार ठोके, तीस इंच. हे गाण्याचं पहिलं मिनिट. आता हा तुकडा घे, तिसऱ्या मिनिटातला.

थोरला : साडेतीस.

कात्री : आणि हा पाचव्यातला.

थोरला : एकतीस. एकतीसच्या जरा पुढेच.

कात्री : चार दिवसांत अकरा वेळा ड्रम वाजवून घेतले तुझ्या भावाकडून. अकराही वेळा हेच. दोन मिनिटं घड्याळासारखा चालतो, मग संथ होत जातो आणि तेवढी टेप लांबते.

थोरला : एका इंचाने काय आभाळ कोसळतं, मास्तर? दहा वर्षं आमचा रॉक बँड आहे. गाणं सुरू करायचो एका चालीत आणि संपवायचो भलत्याच. लोक डोकी हलवत बसायचे.

कात्री : डोकी. आता पाय हलवायचेत. नाचघरातला रेकॉर्डवाला एक रेकॉर्ड संपायच्या आत तिच्यावर दुसरी चढवतो. ठेक्याला ठेका जुळला नाही तर दोनशे माणसं एकमेकांच्या पायावर पाय देतात. कंपनीचा माणूस पहिल्याच दिवशी काय म्हणाला? 'तुमचं तीन मिनिटांचं गाणं आठ मिनिटांचं करा, नाचायचं करा. बाकी काहीही करा, ठेका हलता कामा नये.'

थोरला : आणि आज पाच वाजता टेप हातात पडली नाही तर बँडने दुसरं दार शोधावं, हेही तोच म्हणाला. विसरलो नाहीये. ठेका हलतोय, कारण तो हलवतोय. मुद्दाम.

कात्री : मुद्दाम?

थोरला : तुम्ही नाही ओळखत त्याला. धाकटा आहे ना, शेंडेफळ, लाडावलेलं. डिस्कोचं नाव काढलं की तोंड वाकडं. मागच्या वर्षी स्टेजवर फळी आणि हातोडी घेऊन आला आणि हाच ठेका ठोकून दाखवला. ठक, ठक, ठक, ठक. म्हणाला, हे संगीत नाही, सुतारकाम आहे. लोक खिदळले.

कात्री : तूही?

थोरला : सगळ्यात आधी मीच. आता थुंकलेलं गिळायची वेळ आलीय तर मी गिळतोय. बाकीचे तिघं गिळतायत. हा मात्र तत्त्वाचा पुतळा. भर स्टुडिओत म्हणालो परवा त्याला, 'पाय आहे की ओंडका?'

कात्री : ऐकलं मी. काचेच्या अलीकडे सगळं ऐकू येतं.

थोरला : मग? चुकीचं बोललो?

कात्री : मुद्दाम बिघडवणारा पहिल्या मिनिटापासून बिघडवतो रे. हा दमल्यावर बिघडतो. आणि एका मापाने बिघडतो. अर्धा इंच, पाऊण इंच, एक इंच. आणखी एक गंमत सांगू? त्याचे हात अजिबात चुकत नाहीत. मी दोन्ही वेगळे ऐकले. मोठ्या ड्रमचं पेडल मारणारा पाय मागे पडतो आणि हात त्याच्यासाठी थांबतात.

थोरला : म्हणजे काय?

कात्री : तू त्याला वाजवताना शेवटचं कधी बघितलंस?

थोरला : काय विचारता! रोज.

कात्री : रोज ऐकतोस. तू पुढे माइकपाशी, तो तुझ्या मागे. दहा वर्षं त्याच्याकडे तुझी पाठ आहे. मी काचेतून समोरून बघतो. वाजवायला बसला की आधी डाव्या हाताने उजवा गुडघा उचलतो आणि पाय पेडलवर नेऊन ठेवतो. लहान मुलाला खुर्चीत बसवावं तसा.

थोरला : सवय असेल.

कात्री : असेल. आणि लिफ्ट बंद पडल्यापासून तीन मजले चढायला त्याला दहा मिनिटं लागतात, तीही सवय असेल.

थोरला : सिगारेट ओढत येतो तो, म्हणून.

कात्री : सिगारेट सोडून त्याला वर्ष झालं.

थोरला : तुम्हाला कुणी सांगितलं?

कात्री : नाकाने. वर्षभर आमच्या काचेपलीकडे धूर नाही.

थोरला : मास्तर, पाणी आहे का?

कात्री : त्या बाटलीत आहे. खुर्चीवर बस आधी.

थोरला : आता काय करायचं? दुसरा ड्रमर बोलावू म्हणतो कंपनीवाला. त्याच्याकडे यादीच आहे.

कात्री : गरज नाही. मी काल एक उद्योग केलाय. तिकडे बघ, दोन माइकच्या स्टँडभोवती.

थोरला : टेपचं कडं आहे.

कात्री : दहा फुटांचं कडं. त्याच्या वाजवण्यातले सोळा ठोके घेतले. सगळ्यात निरोगी सोळा. दोन्ही टोकं चिकटवली. मशीनमधून जातं, स्टँडला वळसा घालतं, परत मशीनमध्ये. एक फेरी आठ सेकंदांची. आठ मिनिटांना साठ फेऱ्या. त्याच्यावर तुमची गिटार, तुझा गळा, सगळं बसवलं. पहिल्या चार ठोक्यांना तीस इंच, शेवटच्या चार ठोक्यांना तीस इंच.

थोरला : आणि ऐकणाऱ्याला कळत नाही?

कात्री : नाचणाऱ्याला कशाला कळेल? त्याला बरंच वाटेल.

थोरला : मास्तर, पाया पडतो तुमच्या! हे आधी का नाही सांगितलं?

कात्री : कारण पुढचं तुझ्या लक्षात येईल म्हणून घाबरत होतो. येतंय का?

थोरला : काय?

कात्री : रेकॉर्ड चालली तर नाचघरवाले तुम्हाला बोलावतील. रोज. समोर उभं राहून आठ मिनिटं हेच वाजवून दाखवा म्हणतील. तिथे कडं नेणार?

थोरला : म्हणजे हे गाणं चाललं तर तो संपला.

कात्री : आणि नाही चाललं तर तुम्ही सगळे.

थोरला : त्याला सांगायचं नाही. ऐका माझं. तो आत्ता येईल. गाणं ऐकवू. सांगू, तू वाजवलेलंच आहे, अकरातलं सगळ्यात चांगलं निवडलं. पुढचं पुढे बघू.

कात्री : त्याला कान आहेत रे.

थोरला : मी थोरला आहे. कधी काय सांगायचं ते मी ठरवेन.

कात्री : ठरव. पण जिन्यावर ऐक. एक पायरी. आता थांबला. दुसरी. ओढला पाय, ऐकलंस?

थोरला : ऐकलं.

कात्री : इतकी वर्षं सूर ओळखतोस आणि हे ओळखलं नाहीस.

थोरला : गप्प बसा हो मास्तर. आला.

धाकटा : काय सभा भरलीय! माझ्यावर खटला आहे की सरळ शिक्षा?

थोरला : ये, ये. बस. झालं गाणं तयार.

धाकटा : झालं? आज बाराव्यांदा वाजवायचं होतं ना?

थोरला : नाही लागणार. मास्तरांनी अकरातलं एक काढलंय, असं काढलंय की बस. तू उगाच तोंड पाडून बसला होतास. ऐक तर.

धाकटा : तू एवढा गोड कधीपासून बोलायला लागलास? परवा ओंडका होतो.

थोरला : ते सोड. रागात बोलतो माणूस. मास्तर, लावा.

(गाणं आठ मिनिटं वाजतं.)

थोरला : कसं वाटलं?

धाकटा : चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. तू मधल्या जागी शब्द सोडून नुसता गुणगुणतोस ते तर फारच छान.

थोरला : बघा मास्तर! तत्त्वाचा पुतळा हलला.

धाकटा : ड्रमवर कोण आहे?

थोरला : कोण म्हणजे? तू.

धाकटा : मी असा वाजवत नाही, दादा. पाचव्या मिनिटाला माझा पाय असा नसतो.

थोरला : त्या दिवशी लागला असेल सूर.

धाकटा : आणि स्टूल?

थोरला : कसलं स्टूल?

धाकटा : तेराव्या ठोक्यावर माझं स्टूल करकरतं. चालायचंच, जुनं आहे. पण पुन्हा तेराव्यावर करकरतं, पुन्हा तेराव्यावर. दर सोळा ठोक्यांनी एकदा. साठ वेळा मोजलं मी. माझं स्टूल इतक्या शिस्तीचं नाही रे. मास्तर, तुमच्या हातून हे कसं सुटलं?

कात्री : सुटलं नाही. ठेवलं.

थोरला : मास्तर!

कात्री : ओरडू नकोस. पुसायला दोन मिनिटं लागली असती. तोंडाने सांगायची माझी छाती होत नव्हती. म्हटलं, करकर राहू दे, त्याची त्याला कळेल.

धाकटा : कळली.

थोरला : हे बघ, तुला वाईट वाटू नये म्हणून मी...

धाकटा : किती माहितेय तुला?

थोरला : पाय. पायाचं.

धाकटा : कुणी सांगितलं? वहिनीने?

थोरला : वहिनीने? तिचा काय संबंध? फूटपट्टीने सांगितलं. थांब. तिला माहितेय?

धाकटा : दीड वर्ष. दारातले बूट आवरत होती. म्हणाली, भावोजी, उजव्या बुटाचंच टोक एवढं कसं घासतं? मी म्हटलं, ठेका धरून. तिला पटलं नाही. मग सांगितलं आणि शपथ घातली.

थोरला : एका घरात राहतो आपण. एका ताटात जेवतो म्हणतात लोक. आणि मला एक शब्द नाही?

धाकटा : तू घरी येतोस तो झोपायला.

थोरला : डॉक्टर काय म्हणतात?

धाकटा : तीन डॉक्टर झाले. नस वाळत चाललीय म्हणतात. का ते माहीत नाही. पायापासून सुरू झालंय, वर किती येईल ते सांगता येत नाही. औषधं देतात. मी घेतो. त्यांनाही बरं वाटतं.

थोरला : आणि मी तुला ओंडका म्हणालो. सगळ्यांसमोर.

धाकटा : विनोद बरा होता. मीही हसलो की.

थोरला : हसू नकोस. माझी जीभ झडायला हवी होती. का नाही सांगितलंस रे?

धाकटा : सांगितलं असतं तर तू बँड बंद केला असतास. आई गेली तेव्हा सहा महिने गायला नाहीस. मी रोज येऊन एकटा वाजवत बसायचो, तू ये म्हणून. मला दुसरं काही येत नाही, दादा. तुझ्यामागे बसून वाजवायचं, एवढंच येतं.

थोरला : मग डिस्कोला शिव्या घालत होतास, ती फळी, ती हातोडी, ते...

धाकटा : तुझा विश्वास बसला ना?

थोरला : सगळ्यांचा बसला. वर्तमानपत्रात आलं.

धाकटा : आपल्या जुन्या गाण्यांत पाय चुकला तर हातांनी झाकता येतो. गडगडाट करायचा, झांजा आपटायच्या, लोक म्हणतात काय जोर आहे! या ठेक्यात कुठे लपणार? पाय, पाय, पाय, पाय. आठ मिनिटं. तुम्ही डिस्को करणार म्हणालात ना, त्या दिवशी मी बाहेर जाऊन ओकलो.

थोरला : आणि आम्ही समजलो, तुला आवडत नाही.

धाकटा : न आवडायला काय झालं? नाचघरात जाऊन बसायचो मी. कोपऱ्यात. माणसांचे पाय बघायचो. रोज नाचणारी एक बाई होती, चांगली साठीची. दमायची नाही. घरी येताना मला रडू यायचं. मत्सर, दुसरं काय.

थोरला : मास्तर, काढा ती टेप मशीनवरून.

कात्री : काय करतोस?

थोरला : कापा. आठ मिनिटांचे आठ तुकडे करा. पाच वाजता कंपनीवाला आला की सांगतो, नाही झालं. माझ्या भावाला बाहेर काढून मला नाचघरात नाचायचं नाही. जुनी गाणी म्हणू. हातांनी झाकेल तो. मी पुढे उभा राहून झाकेन.

धाकटा : बघा मास्तर, म्हणत होतो ना? असा आहे हा.

थोरला : ब्लेड कुठाय?

धाकटा : हात लावायचा नाही. दादा, मी सांगतोय, त्या टेपला हात लावायचा नाही.

थोरला : का पण?

धाकटा : बाकीच्या तिघांची पोरंबाळं आहेत. तू आणखी काही वर्षं गाशील. आणि... मास्तर, हे सोळा ठोके कुठले?

कात्री : तिसऱ्या दिवशीचे. सकाळचे.

धाकटा : कितव्यांदा वाजवलं तेव्हाचे?

कात्री : कितव्यांदा नाही. त्याच्या आधीचे. बाकीचे तारा लावत होते. लाल दिवा लागला नव्हता, पण टेप फिरत होती. मी नेहमी आधीच चालू करतो. तू एकटाच वाजवत होतास.

धाकटा : मी वाजवत नव्हतो. बघत होतो, आज चालतोय का.

कात्री : चालला.

धाकटा : हो. मग तुम्ही म्हणालात, तयार? आणि पुन्हा गेला.

थोरला : अरे देवा.

धाकटा : त्या सोळा ठोक्यांत माझा पाय धडधाकट आहे, दादा. मास्तरांनी त्याला साठ वेळा फिरवलंय. नाचघरात रोज फिरेल. मला इथून कोपऱ्यापर्यंत धड जाता येत नाही, आणि तो आठ मिनिटं चालेल. ती बाई त्याच्यावर नाचेल. द्या त्या माणसाला टेप.

थोरला : आणि स्टेजवर?

धाकटा : दुसरा शोध. शोधावाच लागेल. दोन महिन्यांनी कळलं असतं, ते आज कळलं.

थोरला : माझ्यामागे दुसरा कुणी बसला तर मला गाता येणार नाही.

धाकटा : येईल. तुझी पाठच असते त्याच्याकडे.

थोरला : असं बोलू नकोस रे.

धाकटा : बरं, नाही बोलत. पण स्टूल माझंच दे त्याला. करकरलं पाहिजे. तेराव्यावर.

कात्री : पावणेपाच झालेत. तो येईल.

धाकटा : मग मी निघतो. त्याच्या तोंडाला तोंड नको मला. टेप द्या आणि त्याला सांगा, ड्रमर खूश आहे.

थोरला : मीही येतो.

धाकटा : तू थांब की. सही करायला तू लागणार.

थोरला : मास्तर सांगतील त्याला, दहा मिनिटं बस म्हणून.

कात्री : दहा काय, वीस बसवतो. तुम्ही सावकाश जा. कडं काढून ठेवू का? हवं असेल तर घेऊन जा, तुझंच आहे.

धाकटा : घरी नेऊन काय, कपडे वाळत घालू? लावा परत. मघाशी त्याच्यावर सगळं गाणं होतं. नुसता ठेका एकदा ऐकतो. दार उघडं ठेवा, जिन्यात येईल ऐकू.

कात्री : लावतो. घे.

थोरला : दमदार आहे रे.

धाकटा : हं. मास्तर, फूटपट्टी सांभाळा. चांगली आहे. येतो.

कात्री : ये. सावकाश.

थोरला : कठड्याला धर. किती पायऱ्या आहेत या?

धाकटा : सहासष्ट. वळणावर दोन फुटक्या. दादा.

थोरला : काय?

धाकटा : हात दे. तो नाही. इकडून ये. उजवीकडून.

थोरला : आलो. टाक भार माझ्यावर, सगळा टाक. लाजतोस काय? लहानपणी खांद्यावर बसवून फिरवलंय तुला. मी मोजतो, तू उतर. एक. दोन. ती...

धाकटा : ठेक्यावर नको मोजूस, दादा. माझ्या पायावर मोज.

थोरला : बरं. तू टेकव. मग मी तीन म्हणतो.